चिलखतातला स्थिर हात

प्रारंभीच क्षमा मागते. तीस वर्षे मी ग्रंथालयांत दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके रांगेत लावली. त्या रांगेत आपलेही चार कागद असावेत असे मला कधी वाटले नाही, आणि आजही वाटत नाही. निवृत्तीनंतर लिहायला बसणाऱ्या मंडळींची तर मला थोडी धास्तीच वाटे, कारण त्यांच्या भेटप्रती नोंदवून घेण्याचे काम माझ्याकडे येई. तरीही हे लिहायला बसले आहे. एका माणसाला मी एकदा फक्त चार शब्दांचे उत्तर दिले होते. ते मागे घेण्याची दुसरी रीत मला ठाऊक नाही.

माझे गाव लाटंबार्से. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात माझी बदली केरीच्या ग्रंथालयात झाली आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका घरात मला खोली मिळाली. घराचे मालक दशावतारी कंपन्यांसाठी मुकुट, बाजूबंद, पदके असा सगळा साज बनवत. गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबा म्हणू लागले. पहिल्या दिवशी मी पेटी उतरवून सोप्यावर उभी होते. त्यांनी माझे नाव विचारले नाही. दोन पावले मागे सरून, एक डोळा बारीक करून ते म्हणाले, "आमच्या द्रौपदीपेक्षा एक बोट कमी."

मी गांगरून गेले. आतून त्यांची पत्नी, जिला मी पुढे काकी म्हणू लागले, हात पुसत बाहेर आली. "भिया नको गे बाय. ते डोकां मोजतत. पयलां डोकां, मगे नाव. लग्नाआधी माका बघूक इले तेवाही असांच केल्यानी."

"मगे? चुकलां माप?" आबा म्हणाले. "इतकी वर्सां टिकलां मां?"

ज्या द्रौपदीशी माझी तुलना झाली, ती मिशा काढून रंगभूमीवर जाणारी एका कंपनीतली पन्नाशीची असामी होती, हे मला नंतर समजले.

आबा आकड्यांवर विश्वास ठेवत नसत. माजघराच्या भिंतीवर एक लांब फळी होती आणि तिच्यावर ओळीने खिळे. प्रत्येक खिळ्याला सुतळीचा एक तुकडा अडकवलेला, आणि प्रत्येक तुकड्याला दोन गाठी. दोन गाठींमधले अंतर म्हणजे एका नटाचे डोके. कोणती दोरी कोणाची हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते नुसते बोट लावून सांगत, "हो धर्मराज. हो कंस. हेचां डोकां लहान, पण आवाज मोठो." पाहुणा आला की त्याला त्या भिंतीसमोर उभे करून म्हणत, "पेडण्यातले सगळे राजे हयसर लोंबकाळतत."

जेवताना त्यांच्या डोक्यावर पुष्कळदा एखादा मुकुट असे. मुकुट डोक्याला कुठे टोचतो ते घास चावतानाच कळते, असे त्यांचे म्हणणे होते. आमटी वाढताना काकी म्हणे, "महाराजानू, मान वर करा, बेगड पडतां ताटात."

त्यांच्या कामात उन्हाला मोठा मान होता. चिंचोक्याच्या खळीने कागदाचे थर चिकटवायचे, रंग द्यायचा आणि अंगणात उन्हाला ठेवायचे. "ऊन हो माझो भागीदार," ते म्हणत. "तो काम करता तेवा मी निजतंय." समुद्राकाठच्या दमट हवेत खळीला बुरशी धरते, म्हणून ओल ही त्या घराची शत्रू आणि ऊन हा सोयरा, असा हिशेब सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. मीही काजूच्या मुलखातली. आमच्याकडेही जे टिकवायचे असते ते उन्हातच जाते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

मी राहायला गेले तेव्हाच त्यांचा उजवा हात कापू लागला होता. प्रथम ते त्याची थट्टा करीत. चहाची बशी खळखळू लागली की म्हणत, "ही बघ, माझ्याआधी चायच नाचता." मग बशी बंद झाली. मग कप दोन्ही हातांनी धरणे सुरू झाले. पुढे माणसे आली की आबांना तहानच लागेनाशी झाली. कात्री बेगडावर सरळ चालेना. एका कंपनीचे मालक, जे राजाचे कामही करीत, एकदा स्वतः आले, खुर्चीच्या टोकाशी बसले आणि बराच वेळ पावसापाण्याविषयी बोलून शेवटी म्हणाले, "आबा, औंदा साज सावंतवाडीसून येतलो. तुमका तरास कित्या?"

"माका तरास नाय," आबा म्हणाले.

"तसां न्हय. तुमी विश्रांती घेयात."

ते गेल्यावर आबांनी त्या मालकाची दोरी खिळ्यावरून काढली, निरखून पाहिली आणि परत तिथेच अडकवली.

पुढे साथीमुळे सगळेच बंद झाले. दशावताराचे काले थांबले, जत्रा थांबल्या. त्याच सुमारास वास्कोला जहाजाच्या कारखान्यात असलेल्या त्यांच्या भाच्याने हौसेने घेतलेली आणि आता कंटाळा आलेली दोन यंत्रे टेम्पोत घालून पाठवून दिली. एक थ्रीडी प्रिंटर, दुसरे फोमचे पत्रे कापणारे लहानसे लेझर यंत्र, आणि ती चालवायला एक जुना संगणक. प्रिंटरच्या सुईतून वितळलेले प्लास्टिक केसासारखे बाहेर पडे आणि थरावर थर बसून वस्तू उभी राही. आबा पहिल्या दिवशी त्याच्यासमोर पाट टाकून बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. कागदाचे थर चिकटवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे यंत्र ओळखीचेच वाटले असावे. उठले तेव्हा एवढेच म्हणाले, "ह्येचो हात कापना नाय."

त्या वाक्यानंतर ते घर बदलले. साठी उलटलेला माणूस फोनवर भाच्याकडून धडे घेऊ लागला. प्लास्टिकच्या तारेची रिळे दमट हवेत फुगतात, हे कळताच त्यांनी ती काकीच्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली. काकी ओरडली, "उद्या भातात तार गावली तर माका बोल लावू नकात!" वीज गेली की आबा यंत्रावर नाटकाचा जुना पडदा पांघरत आणि आजाऱ्याजवळ बसावे तसे त्याच्याजवळ बसून राहत. दोऱ्यांचे अंतर मिलिमीटरमध्ये बदलून वहीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. "बायची याद म्हणजे छापील," ते सर्वांना सांगत. "एकदा बघलां की गेलां नाय." हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत.

चिलखताची कल्पना भाच्याच्याच फोनवरून आली. कुठल्याशा परदेशी चित्रपटातला, पायापासून डोक्यापर्यंत चिलखतात बंद असलेला महावीर त्याने गमतीने दाखवला. आबांनी आवाज बंद करून ते दृश्य सात-आठ वेळा पाहिले. त्यांना कथा नको होती. "हो टोप बघ. तोंड आणि टोप एकच. हो केलेलो माणूस आमच्यातलोच कोणतरी आसतलो." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले की असे चिलखत आपण करणार, पण वीर आपला असेल. रंग चिऱ्याच्या लाल दगडाचा, छातीवर दिव्याचे चक्र, टोपाच्या मागे आपल्या मुकुटाला असते तशी महिरप. बटण दाबले की मुखवटा वर जाईल. आणि पेडण्याच्या शिगम्याच्या मिरवणुकीत, वेशभूषेच्या रांगेत, ते घालून ते स्वतः चालतील.

गावाला विषय मिळाला. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की भोंगा वाजवण्याऐवजी विचारी, "काय आबा, तुमचो रोबोट चलाक लागलो?"

"चलाक लागलो की पयलो तुझो पाव खातलो," आबा म्हणत.

नाक्यावर जरा कडवट बोलत. "हात आवरना नाय, आणि युद्धाक चल्लो." तेही त्यांच्या कानावर येई. अशा दिवशी ते यंत्राशेजारी बसून राहत.

आता त्या सकाळविषयी सांगते, जिच्यासाठी हे सगळे लिहिले. शिगम्याला महिना उरला होता. मनगटापासून कोपरापर्यंतचे उजव्या हाताचे आवरण प्रिंटरवर तयार झाले होते. रंग दिलेला नव्हता. ते दोन भागांचे होते आणि बाजूच्या खाचा एकमेकींत बसून बंद होई. ते पोकळ आणि हलके वाटते, खऱ्या लोखंडासारखे भासत नाही, म्हणून आबांनी समुद्रात जाळी टाकणाऱ्या केरीच्या रापणकारांकडून जाळ्याची शिसे मागून आणली आणि आतल्या फोममध्ये ती ओळीने बसवली. मग हात आत घातला. टक्क आवाज होऊन आवरण बंद झाले.

आणि त्यांचा हात थांबला.

कशामुळे ते मला सांगता येणार नाही. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितले की वजनाने काही जणांचा कंप दबतो. त्या वेळी आम्हा तिघांना एवढेच दिसले की तीन वर्षे न थांबलेला हात हवेत सरळ उभा आहे. आबांनी तो डोळ्यांसमोर आणला, फिरवून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाय आण गो. बशीतसून."

काकीने बशी काठोकाठ भरून आणली. ती मुद्दाम तशी भरली असावी. आबांनी एका हाताने बशी उचलली, ओठांना लावली आणि संपवली. मेजावर एक थेंबही सांडला नाही. काकी पदर तोंडाला लावून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आबा माझ्याकडे वळले. "बाय, बघलंस मां?"

"बघितलं, आबा," मी म्हणाले.

त्यानंतर ते चिलखत करमणुकीची वस्तू राहिले नाही. मिरवणुकीत ते चालणार होते ते लोकांसमोर, कंपन्यांच्या मालकांसमोर, न कापणारा हात घेऊन. तेवढ्या एका संध्याकाळसाठी सगळे होते. त्यांनी दुसरा हात केला, छाती केली, टोप केला. नाक्यावरचे बोलणे त्यांना ऐकू येईनासे झाले.

शिगम्याचा दिवस रविवार होता. आदल्या दिवशी दिलेला रंग हवेतल्या ओलीमुळे अजून बोटाला लागत होता. छातीच्या दिव्याची बॅटरी ऐनवेळी बिघडली म्हणून आबा सकाळीच म्हापशाला गेले, काकी देवळात गेली. मी घरात एकटी होते. मेजावर ती हातांची आवरणे होती, चिकट, आणि चार वाजता टेम्पो येणार होता.

कोणी न सांगता मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी केल्या आहेत. ही त्यांपैकी एक. मी ती आवरणे उचलली आणि विहिरीच्या पंपाच्या खोपीवर जो पत्रा आहे, जिथे काकी काजूच्या बिया वाळवी, तिथे कडक उन्हात ठेवली. मला फार बरे वाटले. आबांच्या भागीदाराला मी कामाला लावले होते. मग आत येऊन वाचत बसले. मी वाचायला बसले की मला वेळ कळत नाही.

दुपारी एकच्या सुमारास बाहेर आले. रंग सुरेख सुकला होता. मी उजव्या हाताचे आवरण उचलले आणि ते माझ्या बोटांखाली किंचित दबले. तापलेल्या पत्र्यावर प्लास्टिक नरम पडून, आतल्या शिशाच्या वजनाने, त्याची गोलाई फाकली होती. मी ते दोन्ही तळव्यांत धरून पूर्वीसारखे करू पाहिले. सावलीत नेताच ते त्या चुकीच्या आकारातच दगडासारखे घट्ट झाले. डाव्या हाताचेही तसेच. वरून पाहिले तर काही दिसत नव्हते. चकाकत होती दोन्ही.

मी ती मेजावर जशी होती तशी ठेवली. पत्र्यावर रंगाच्या दोन लाल खुणा उमटल्या होत्या, त्या मी नारळाच्या सोडणाने घासून काढल्या. हेही लिहिले पाहिजे.

आबा तीन वाजता आले. नवी बॅटरी लावली, छातीचे चक्र उजळले. छाती चढवली. मग उजवे आवरण घेतले. दोन भागांच्या कडा एकमेकींपर्यंत पोचेनात. मध्ये बोटभर फट. त्यांनी दाबले, काढले, पुन्हा घातले. दाबण्याच्या श्रमाने हात अधिकच कापू लागला. ते माजघरात गेले, स्वतःच्या हाताच्या मापाची दोरी काढून हाताला गुंडाळली. गाठीला गाठ मिळाली. मग माझी वही उघडली.

"दोरी बरोबर. बायचो आकडो बरोबर." ते स्वतःशीच बोलत होते. "म्हणजे यंत्रात घालताना माझोच आकडो चुकलो."

"अवो, कसो चुकात?" काकी म्हणाली. "त्या दिसा बसलां होतां मां? एका हातान चाय पियालास, विसरलास?"

"तू गप. माका वायट वाटात म्हणान तू कित्याकय हो म्हणतंस." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. नुसती विचारणा होती. "बाय, तुझी याद खरी. त्या दिसा ह्यां हातार बसलां होतां मां?"

बसले होते. टक्क आवाज झाला होता. थेंब सांडला नव्हता. पण "बसले होते" म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग आज काय झाले. खोलीत संगणक होता. त्यात त्यांनी घातलेला आकडा होता, आणि तो बरोबर होता. त्यांनी तो उघडावा, असे मला त्या क्षणी मनापासून वाटत होते. आणि उघडू नये, असेही.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

काकी माझ्याकडे पाहत राहिली. आबांनी मान डोलावली. संगणक त्यांनी उघडला नाही. वही मिटत म्हणाले, "मगे ती चायपण खरी नसतली."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चालकाने हाक दिली, "आबानू, वीर खंय? उशीर जाता!"

"वीर आजारी आसा म्हणान सांग," आबांनी आतूनच सांगितले, आणि छातीवरचे चक्र विझवले.

यंत्रे त्यांनी पुन्हा चालू केली नाहीत. तेवढेच असते तर मी कदाचित स्वतःला समजावले असते. पण त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. हाताचे समजू शकतो, पण आता डोकेही कापू लागले, असे ते म्हणत. जेवून उठल्यावर विचारीत, "मी जेवलंय मां?" दार लावून परत जाऊन बघत. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून स्मरणशक्ती उत्तम असल्याचे सांगितले. आबा डॉक्टरांना म्हणाले, "तुमी भले मनीस, म्हणान सांगतास." एके दिवशी त्यांनी फळीवरच्या सगळ्या दोऱ्या उतरवल्या. कोणती कोणाची ते आपल्याला आता आठवत नाही, असे म्हणाले. मी मागे उभी होते. एकेक दोरी काढताना त्यांचे ओठ हलत होते. ते नावे घेत होते, आणि मला जेवढी ठाऊक होती तेवढी सगळी बरोबर होती. तरी त्यांनी त्या काकीच्या हाती दिल्या. परसात वालाच्या वेली मांडवावर चढत होत्या. पेडण्यातले सगळे राजे तिथे बांधले गेले.

पुढच्या वर्षी माझी बदली डिचोलीला झाली. निघताना मी पाया पडले. आबांनी माझ्या डोक्याकडे पाहिले, काहीतरी बोलणार असे वाटले, पण बोलले नाहीत. काय म्हणणार होते ते मला ठाऊक आहे. द्रौपदीचे ते माप त्यांना आता खात्रीचे वाटत नव्हते.

मागच्या आठवड्यात काकीचा फोन आला. आबांनी अंथरूण धरले आहे. दोन्ही हात कापतात, बोलणेही तुटक झाले आहे. "बाय, येवन जा गे एकदा. तुझी आठवण काढतत. म्हणतत, बायक बलय, तिका एकच विचारूचां आसा."

"काय विचारायचं आहे?" मी विचारले.

काकी म्हणाली, "तांच. त्या चायचां."

मी होकार दिला. उद्या सकाळची पेडण्याची बस आहे, तिथून केरीची मिळते. हे पाच-सहा कागद लिहिताना मला वाटले होते की लिहून झाल्यावर उत्तर आपोआप सापडेल; ग्रंथालयातल्या माणसांची ही एक भाबडी समजूत असते. "बसले होते, आबा," असे म्हटले तर ती सकाळ त्यांना परत मिळेल. पण त्यांचे डोके शाबूत आहे, ते लगेच ओळखतील की मग मधली इतकी वर्षे कोणी आणि कशासाठी काढून घेतली, आणि आता ती परत करायला त्यांच्याजवळ दिवस उरलेले नाहीत. "आठवत नाही" असेच पुन्हा म्हटले, तर ती बशी आपण कधी उचललीच नव्हती, असे समजून ते जातील.

मी त्यांना उद्या काय सांगू?